उपवासकाळातले एक वॉरंट



हा लेख अण्णा आणि वहिनींच्या परवानगीने लिहीत आहोत. "लिहा, दुसऱ्या कुणाची तरी झोप वाचेल," असे त्यांनीच सांगितले. नावे आणि गाव मात्र मुद्दाम दिलेले नाही. बेळगाव भागातला आमचा छोटा धर्मग्राम, घरी मराठी, बाजारात कन्नड, एवढे पुरे.

उपवासकाळातला तिसरा शुक्रवार होता. क्रुसाची वाट संपली, लोक पांगले, आम्ही मेणबत्त्या विझवून पुस्तके गोळा करत होतो. वहिनी शेवटच्या बाकावर बसूनच होत्या. शेजारी त्यांची मुलगी, आमच्या दृढीकरणाच्या वर्गातली. आम्ही जवळ गेलो तशा वहिनी म्हणाल्या, "दुपारी पोलीस आले होते. ह्यांच्या नावाचं वॉरंट आहे म्हणे."

अण्णा टेम्पोवर भाजी घेऊन गोव्याला गेलेले. पोलिसांनी कागद दाखवला, "आले की पाठवा" म्हणून बजावले आणि निघून गेले. चार शेजारी दारात उभे राहून ऐकत होते. मुलीने तेवढ्यात मोबाईलवर कागदाचा फोटो काढला होता. सगळा मजकूर कन्नडमध्ये. वहिनींना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. आमचेही वाचन बसच्या पाटीपुरते. शेवटी नववीतल्या त्या मुलीनेच चर्चच्या बाकावर बसून आपल्या बापाचे वॉरंट आम्हाला अक्षर लावत वाचून दाखवले. कोर्टातले निम्मे शब्द तिलाही कळत नव्हते. 'बंधन' हा शब्द मात्र मराठीतही कळतो. तो वाचून ती थांबली.

त्या संध्याकाळी आम्ही काय केले, ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. आमच्यातल्या एकांनी सांगितले, "अण्णांना फोन करा. काही दिवस गोव्यातच बहिणीकडे राहू दे. ईस्टर होऊन जाऊ दे, मग बघू." बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी एक गोष्ट केली. शुभ शुक्रवारी योहानच्या शुभवर्तमानातले दुःखसहन वाचतात, त्यात पिलाताचे संवाद दरवर्षी अण्णा वाचतात. त्यांचा आवाज तसा आहे. आम्ही यादीतले त्यांचे नाव खोडून दुसरे घातले. कुणी काही बोलले नाही. बोलायची गरज कुणाला वाटली नाही.

रविवारच्या वर्गात विषय होता गेथशेमाने बाग. शिपाई मशाली घेऊन आले तेव्हा येशू स्वतः पुढे झाला, तुम्ही कुणाला शोधता असे त्याने विचारले, आणि तो मीच असे सांगितले, हे आम्ही मुलांना शिकवत होतो. ती मुलगी हात वर न करताच बोलली, "सर, येशू पळून गेला नाही ना? मग माझ्या बाबांना तुम्ही पळायला का सांगितलं?"

वर्गात सतरा मुले होती. आमच्याकडे उत्तर नव्हते. सोमवारी सकाळी आम्ही दोघे तालुक्याच्या कोर्टात गेलो. पुढे जे लिहितो ते तिथे आणि नंतरच्या काही आठवड्यांत आम्ही शिकलो ते. वकिलाचा सल्ला त्याने टळत नाही, पण वकिलाकडे जाण्याआधीची भीती कमी होते.

पहिली गोष्ट म्हणजे वॉरंट पोलीस काढत नाहीत. ते कोर्ट काढते आणि पोलीस बजावतात. आधी सहसा समन्स येते. 'अमुक तारखेला हजर राहा' असा तो कोर्टाचा निरोप. निरोप मिळूनही माणूस आला नाही, किंवा तो मुद्दाम टाळतो आहे असे कोर्टाला वाटले, तर वॉरंट निघते. म्हणजे आता 'या' नव्हे, 'आणा'. त्याचे दोन प्रकार आहेत. जामीनपात्र वॉरंटवर किती रकमेचा आणि किती जामीनदारांचा बंध घ्यायचा हे कोर्टच लिहून देते. तो बंध दिला की पोलीस तारखेला हजर राहण्याच्या अटीवर तिथेच सोडतात. अजामीनपात्र वॉरंटमध्ये पोलिसांना ती मुभा नसते. धरून कोर्टापुढे उभे करायचे, सोडायचे की नाही ते कोर्ट ठरवणार. मूळ गुन्हा जामीनपात्र असला तरी माणूस तारखांना सतत गैरहजर राहिला तर अजामीनपात्र वॉरंट निघू शकते. अण्णांचे तसेच झाले होते. माणसाचे स्वातंत्र्य मोलाचे आहे, म्हणून आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि अगदी गरज पडली तरच अजामीनपात्र, असा विचार कोर्टांनी करावा असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये इंदर मोहन गोस्वामी खटल्यात सांगितले आहे.

दुसऱ्या गोष्टीने आमचे डोळे उघडले. वॉरंटला मुदत नसते. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण हा नियम तोच राहिला. ज्या कोर्टाने वॉरंट काढले ते कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा ते बजावले जाईपर्यंत वॉरंट जिवंत असते. महिना गेला, ईस्टर गेला, वर्ष गेले, तरी ते मरत नाही. आणि ते भारतात कुठेही बजावता येते. म्हणजे आम्ही अण्णांना गोव्यात लपायला सांगितले, तिथेही ते तेवढेच लागू होते.

लपून राहिल्यास पुढे काय होते, तेही वकिलांनी सांगितले. माणूस फरार आहे किंवा लपतो आहे असे कोर्टाला वाटले तर जाहीरनामा निघतो. हजर व्हायला किमान 30 दिवस देतात. तो जाहीरनामा गावात सर्वांना दिसेल अशा जागी मोठ्याने वाचतात, घराच्या ठळक भागावर लावतात, कोर्टाच्या इमारतीवरही लावतात. त्यानंतर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. लोकलाज राखण्यासाठी आम्ही सुचवलेला रस्ता थेट त्या लोकलाजेच्या चौकात जाऊन पोचत होता.

आता मुख्य प्रश्न. आपल्या किंवा आपल्या माणसाच्या नावावर वॉरंट आहे की नाही, हे कळायचे कसे?

घरबसल्या पाहायचे तर ई-कोर्ट्सचे सरकारी संकेतस्थळ आहे आणि मोबाईल ॲपही आहे. राज्य, जिल्हा आणि कोर्टाचा परिसर निवडायचा, मग पक्षकाराचे नाव आणि वर्ष घालून शोधायचे. प्रत्येक खटल्याला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो हाती असेल तर शोध क्षणात लागतो. खटला सापडला की त्याच्या तारखांचा इतिहास उघडतो, आणि कोणत्या तारखेला काय झाले, समन्स निघाले की वॉरंट, ते बहुधा तिथे नोंदलेले असते. आम्ही चर्चच्या हॉलमध्ये वहिनींना घेऊन बसलो तर नाव सापडेना. आपल्या पोर्तुगीज वळणाच्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे चार प्रकारची. आधार कार्डावर एक, बँकेत दुसरे. तिसऱ्या स्पेलिंगला अण्णा सापडले. एकाच नावाची माणसेही पुष्कळ असतात, म्हणून नाव दिसले की घाबरून जाऊ नये. वडिलांचे नाव, पत्ता आणि फिर्यादी कोण ते ताडून पाहावे.

संकेतस्थळावर प्रत्येक गोष्ट वेळेवर चढतेच असे नाही. म्हणून खात्रीचा मार्ग म्हणजे कोर्टाची फाईल. वकील ती पाहू शकतो आणि आदेशाची प्रमाणित प्रत मागू शकतो. अनेक कोर्टांत ई-सेवा केंद्राची खिडकी असते, तिथे मोबाईल न वापरणाऱ्यालाही खटल्याची स्थिती सांगतात. पोलीस स्टेशनला जाऊनही विचारता येते, पण अजामीनपात्र वॉरंट असेल तर धरणे हे त्यांचे कामच आहे. तेव्हा आधी वकील, मग स्टेशन, हा क्रम बरा.

वकिलाला पैसे नसतील तर? तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, आणि 15100 हा मोफत क्रमांक आहे. 1987 च्या कायद्यानुसार सर्व स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आपल्यातल्या अनेक कुटुंबांना ख्रिस्ती असल्यामुळे अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. त्यांनी तिथूनच परत फिरू नये. राज्याने ठरवलेल्या उत्पन्नमर्यादेखालच्या कुणालाही हीच मदत मिळते. उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे.

फाईल पाहिल्यावर सारे समजले. टेम्पोसाठी घेतलेल्या कर्जाच्या हप्त्यापोटी अण्णांनी दिलेला चेक वटला नव्हता. सावकाराची नोटीस आणि कोर्टाचे समन्स जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर गेले होते. ते घर सोडून दोन वर्षे झालेली. एक पाकीट जुन्या घरमालकाने ठेवूनही घेतले होते, पण "द्यायचं राहून गेलं". अण्णांना सगळे अनपेक्षित होते असेही नाही. चेक परत गेल्याचे त्यांना माहीत होते, वहिनींना नव्हते. फोनवर हे सांगताना अण्णा बराच वेळ गप्प राहिले. वहिनींनी फोन आमच्याकडे दिला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मधल्या दिवसांत एक माणूस घरी येऊन गेला. स्टेशनात ओळख आहे, आठ हजार दिले तर वॉरंट 'दाबून' टाकतो म्हणाला. वहिनी मंगळसूत्र गहाण ठेवायच्या विचारात होत्या. वॉरंट रद्द करण्याचा अधिकार कोर्टाशिवाय कुणालाही नाही, हे तोवर आम्हाला कळले होते म्हणून ते पैसे वाचले. दाबलेला कागद फाईलमध्ये जिवंतच राहिला असता.

मग प्रश्न आला जामीनदाराचा. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, तर कोर्ट बहुधा जातमुचलका आणि एक जामीनदार मागेल, असे वकील म्हणाले. जामीनदाराने जमिनीचा उतारा आणि ओळखपत्र आणायचे. आरोपी पुढे हजर राहिला नाही तर बंधाची रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सहा जण बसलो होतो. पंखा फिरत होता, कुणी वर बघत नव्हते. एकांनी नीतिसूत्रांची आठवण काढली: दुसऱ्यासाठी जामीन राहू नये असा इशारा तिथे आहेच. खरे आहे, आहे. पण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे, तेही आपल्याच बायबलात आहे. आम्ही हा शब्द वर्षानुवर्षे वाचला, शिकवला, आणि उतारा घेऊन कोर्टात उभे राहण्याशी त्याचा संबंध असेल असे कधी वाटले नाही. शेवटी ज्यांनी "गोव्यातच राहू दे" म्हटले होते, तेच उठले. म्हणाले, "उतारा माझा घ्या."

अण्णा बुधवारी रात्री परत आले. गुरुवारी सकाळी साडेदहाला कोर्टात. वकिलांनी वकीलपत्र आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, सोबत घर बदलल्याचे पुरावे. शिपायाने अण्णांच्या नावाचा पुकारा केला तेव्हा सगळा चर्च ऐकतो आहे असे त्यांना वाटले म्हणे. प्रत्यक्षात कुणी मान वळवूनही पाहिले नाही, प्रत्येक जण आपापल्या नावाची वाट पाहत होता. न्यायाधीशांनी कागद पाहिले, पत्ता बदलल्यावर कोर्टाला कळवायला हवे होते, असे सुनावले, खर्चापोटी थोडी रक्कम भरायला सांगितली, बंध आणि जामीन घेतला आणि वॉरंट रद्द केले. पाच-सात मिनिटे. जी गोष्ट दोन आठवडे एका घराला झोपू देत नव्हती, ती पाच-सात मिनिटांत झाली. प्रत्येक वेळी असेच होईल असे नाही. गुन्हा गंभीर असेल, गैरहजेरी मुद्दाम असेल, तर कोर्ट कोठडीतही पाठवू शकते. पण स्वतःहून आलेल्या माणसाकडे कोर्ट धरून आणलेल्या माणसासारखे पाहत नाही.

रद्द झाल्याच्या आदेशाची प्रत आम्ही मागून घेतली आणि वकिलांमार्फत पोलीस स्टेशनलाही पोचवली. हे विसरू नका. कोर्टातून निरोप पोचायला वेळ लागतो आणि जुना कागद हातात घेऊन पोलीस पुन्हा येऊ शकतात.

पोलीस दारात आलेच तर काय करावे, हेही सांगतो. वाद घालू नये, पळू नये. वॉरंटचा आशय सांगणे पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि मागितले तर ते दाखवले पाहिजे. खरे वॉरंट लेखी असते, त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो. नाव, पत्ता, खटल्याचा क्रमांक नीट पाहावा, फोटो घेऊ देतात का विचारावे. भाषा कळत नसेल तर तसे सांगावे, त्यात कमीपणा नाही. अटक केली तर कारण सांगितले पाहिजे, घरच्यांना किंवा मित्राला कळवले पाहिजे, वकिलाला भेटू दिले पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे केले पाहिजे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तर न्यायाधीशांची आधी परवानगी घेऊन महिला अधिकाऱ्यानेच ती करायची असते. काही गंभीर गुन्ह्यांत पोलीस वॉरंटशिवायही अटक करू शकतात, पण कारण सांगण्याचा आणि 24 तासांचा नियम तिथेही आहेच.

याच काळात आमच्या एका निवृत्त बाईंना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी गणवेश, मागे बोधचिन्ह, व्हॉट्सॲपवर शिक्क्याचे 'वॉरंट', आणि "कॉल बंद करू नका, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात" असा दम. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. समन्स आता इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकते, पण अटक फोनवर होत नाही आणि वॉरंट पैसे पाठवून मिटत नाही. असा फोन आला तर कापावा आणि 1930 वर कळवावे. बाईंनी फोन कापला, कारण दारात पाववाला आला होता. देवाचे दूत कुठल्याही रूपात येतात.

प्रेषितांची कृत्ये पुन्हा वाचा, ही विनंती. शौल दमास्कसला निघाला तेव्हा त्याच्याजवळ महायाजकाची पत्रे होती, विश्वासणाऱ्यांना बांधून आणण्याचा अधिकार देणारी. तोच पुढे पौल झाला आणि स्वतः बांधला गेला. पण तो लपला नाही आणि गप्पही बसला नाही. चौकशीशिवाय रोमी नागरिकाला फटके मारणे कायद्यात बसते का, असे त्याने शताधिपतीला विचारले. कैसराकडे दाद मागितली. आणि फेस्त राज्यपालाला वाटले की आरोप न लिहिता कैदी पुढे पाठवणे शहाणपणाचे नाही. आपला हक्क माहीत असणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे, हे पौलाकडून शिकावे. मत्तयच्या शुभवर्तमानात वादी-प्रतिवादी कोर्टाच्या वाटेवर असतानाच समेट करण्याचा सल्ला येशू देतो, तोही आता आम्हाला अगदी व्यवहारी वाटतो. अण्णांचा खटला लोकअदालतीत ठेवण्याचा अर्ज दिला आहे. हप्ते ठरवण्याचे बोलणे चालू आहे. कर्ज आहे, ते फेडायचेच आहे, अण्णा ते नाकारत नाहीत. वहिनी अजून थोड्या अबोल आहेत. त्याला कोर्टाची तारीख लागत नाही, वेळ लागतो.

आणि आमचे काय? गुरू धरला गेला तेव्हा पेत्र अंगणात शेकोटीजवळ हात शेकत बसला होता आणि मी त्याला ओळखत नाही म्हणत होता. आम्ही यादीतले एक नाव खोडले, ते तसेच होते. फादरांना हे सांगितले. अण्णांच्या घरी जाऊनही सांगितले, आणि पिलाताचे संवाद तुम्हीच वाचायचे आहेत असे म्हणालो. अण्णा म्हणाले, "ह्या वर्षी नको. ह्या वर्षी मी लोकांत बसून ऐकतो." शुभ शुक्रवारी ते तिसऱ्या बाकावर बसले होते, कुटुंबासह. आमच्या जामीनदारांनी पिलाताचे संवाद वाचले. आवाज चांगला नव्हता.

त्या मुलीने पुढच्या वर्गात काही विचारले नाही. आम्हीच सर्व मुलांसमोर तिला सांगितले की तू विचारलेस ते बरोबर होते आणि आम्ही चुकलो होतो.

बंधुभगिनींनो, तुमच्या घरात, शेजारात एखादे न उघडलेले पाकीट असेल तर आज उघडा. एकट्याने धीर होत नसेल तर आपल्या धर्मग्रामातल्या कुणाला तरी सोबत घ्या. आणि कुणी तुमच्याकडे असे पाकीट घेऊन आले तर त्याला गोव्याचा रस्ता दाखवू नका.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, रात्री तुला धरून नेले आणि खोट्या साक्षींनी तुला दोषी ठरवले. कोर्टाच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाजवळ तू उभा राहा. न्यायाधीशांना विवेक दे, पोलिसांना माणुसकी दे, चुकलेल्यांना पुढे येण्याचे बळ दे. आणि आम्हाला शेकोटीजवळून उठायला शिकव. आमेन.